जुना बॉबकॅट गरम होतोय? हेड खोलायच्या आधी दोन जाळ्यांच्या मधे बघा

मागच्या आठवड्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतनं एकाचा फोन आला. फौंड्रीत वाळू ओढायला त्यानं जुना स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढं बकेट असलेलं छोटं लोडर मशीन, घेतलाय (आपल्याकडं कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला बॉबकॅटच म्हणतात, मी पण तसंच म्हणणार), तो गरम होतोय, मिस्त्रीनं सांगितलंय हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलायला लागंल, खर्च मोठा आहे, करू का नको. मी विचारलं, दादा, गरम कधी होतोय? तर म्हणाला, कधी म्हणजे, चालवला की होतोय.

सगळं इथंच अडतंय बघा. "चालवला की" एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही, मग मिस्त्री अंदाजानं एकेक पार्ट बदलत बसतो आणि पैसे आपले जातात. मशीनला हात लावायच्या आधी दोन दिवस ऑपरेटरला एक काम सांगा, तापमानाचा काटा कधी चढतोय ते नीट बघून ठेवायचं. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि पाच-दहा मिनिटांत काटा लालवर, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा वॉल्व) बंद अडकलाय, नाहीतर हेड गॅसकीट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय. उभ्या मशीनला काही नाही, पण लोडवर अर्ध्या-पाऊण तासानं हळूहळू चढतोय, तर दहातल्या आठ वेळा वारा जात नाही, म्हणजे रेडिएटरची जाळी चोंदलीय. नुसतं इकडनं तिकडं पळवलं तरी गरम होतंय, बकेट वापरायची पण गरज नाही, तर ड्राइव्हकडं बघा, ब्रेक नाहीतर चेन धरतीय. आणि ब्रेकर किंवा दुसरी अटॅचमेंट लावली तरच होतंय, तर हायड्रॉलिक. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आधी काटा लालवर गेला तर त्या क्षणी काय करायचं ते सांगतो, कारण इंजिनाचं खरं नुकसान त्या पाच मिनिटांतच होतंय. बकेट खाली टेकवा, लोड सोडा, थ्रॉटल आयडलला आणा आणि चालूच ठेवा, काटा उतरतोय का बघा, तीन ते पाच मिनिटं. उतरला तर मग बंद करा. झटक्यात बंद केलं तर पंप थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथंच कोंडून राहते. पण वाफ निघतीय, पाणी बाहेर फेकलंय, किंवा गरमच्या दिव्याबरोबर बॅटरी चार्जिंगचा पण दिवा लागलाय तर एक सेकंद थांबू नका, लगेच बंद. दोन्ही दिवे एकदम लागले म्हणजे बहुतेक बेल्ट तुटलाय आणि वॉटर पंप फिरतच नाही. गरम इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, ब्लॉकला किंवा हेडला तडा जातो. आणि रेडिएटरची कॅप! रेडिएटरचा वरचा होज पाइप हातानं आरामात दाबता येईपर्यंत कॅपला हात लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास लागू दे. उघडताना वर ओलं गोणपाट टाका, पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू दे, मगच काढा. आमच्याकडच्या एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजलाय असल्या घाईत, तीन महिने कामावर नव्हता, म्हणून एवढं सांगतोय.

काम करताना किल्ली आपल्या खिशात, बॅटरीची अर्थ वायर काढलेली. आर्म वर ठेवून खाली काम करायचं असेल तर आर्मचा लॉक किंवा सपोर्ट लावल्याशिवाय डोकं आत घालू नका, केबिन उचलली तर तिचा पण लॉक बसलाय का हातानं हलवून बघा. जुन्या मशीनला हे लॉक बऱ्याचदा गायब असतात, नसेल तर करून घ्या, उद्यमनगरात कुणीही वेल्डर दोन तासात करून देईल.

आता पहिली तपासणी, काटा खरं बोलतोय का. जुन्या मशीनचं वायरिंग म्हणजे जोडाजोडी असतीय, सेन्सरची अर्थ खराब झाली की गेज काहीही दाखवतं. लांबनं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आता स्वस्तात मिळते, ती घ्या आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर मारा. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून तिथं काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर बघा. गेज लालवर आणि गन ८५ अंश दाखवतीय, तर इंजिन ठीक आहे, सेन्सर बदला. गन पण १०५-११० दाखवतीय तर पुढं चला.

पुढं म्हणजे वारा. पाणी नाही, पंप नाही, आधी वारा.

स्किड स्टीअरची रचना बघा. इंजिन मागं, एवढ्याशा डब्यात कोंबलेलं, आणि ते बकेटसाठी, चाकांसाठी, सगळ्यासाठी हायड्रॉलिक पंपच फिरवतंय. म्हणून त्याला दोन जाळ्या असतात, एक इंजिनाच्या पाण्याची म्हणजे रेडिएटर आणि दुसरी हायड्रॉलिक तेलाची म्हणजे ऑइल कूलर. बऱ्याच मॉडेलला या दोन एकावर एक ठेवलेल्या असतात, मधे बोटभर फट. वारा एकीतनं जाऊन दुसरीतनं बाहेर पडतो. कचरा पहिल्या जाळीच्या फिनमधनं (जाळीच्या पातळ पत्र्यांमधनं) बारीक होऊन आत जातो आणि दुसरीच्या तोंडाशी अडकतो. बाहेरनं बघितलं तर पहिली जाळी स्वच्छ, चकाचक. आतली दिसतच नाही.

तीन सीझनमागं आमचं मशीन एका साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा चोथा) यार्डात होतं. एक टन ऊस गाळला की पाव टनाच्या वर बगॅस निघतो आणि मिलमधनं येताना त्यात निम्मं पाणीच असतंय, पण यार्डात पडून सुकला की त्याचा भुसा हवेत तरंगत राहतो, डोळ्यात, नाकात, चहात, सगळीकडं. जानेवारीत मशीन गरम व्हायला लागलं. आम्ही रोज संध्याकाळी जाळीला हवा मारत होतो, त्यामुळं जाळीवर संशयच आला नाही. थर्मोस्टॅट बदलला. फरक नाही. वॉटर पंप बदलला. फरक नाही. मग नवीन रेडिएटर घ्यायचा म्हणून जुना खाली उतरवला आणि ऑइल कूलरपासून वेगळा झाला तेव्हा मधे काय होतं सांगू? वाकळ. खरंच वाकळीसारखा थर, इंचभर जाड, बगॅसचा भुसा आणि ठिबकलेलं हायड्रॉलिक तेल मिळून घट्ट बसलेला, अख्ख्या जाळीच्या मापाचा. तो एका तुकड्यात निघाला, हातात धरला तर फिनच्या रेघा त्याच्यावर छापल्यासारख्या उमटलेल्या. आम्ही रोज बाहेरनं हवा मारून तो आणखी आत ठोकत होतो. जुनाच रेडिएटर धुऊन बसवला आणि मशीन ८८ वर येऊन थांबलं. पंप आणि थर्मोस्टॅटचे पैसे गेले ते गेलेच, पण पंधरा दिवस मशीन उभं राहिलं त्याचं जास्त वाटतंय, गळीत ऐन जोरात होतं.

म्हणून सांगतो, दोन जाळ्या वेगळ्या करून मधे बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत आणू नका. काही मॉडेलला ऑइल कूलर बिजागरीवर उघडतो, काहीला चार बोल्ट काढून पाइप न सोडता नुसता उचलता येतो. टॉर्च पलीकडनं धरा आणि अलीकडनं बघा, उजेड अख्ख्या जाळीतनं सारखा दिसला पाहिजे, कुठं काळा पट्टा दिसला की तिथं चोंदलंय.

साफ करायची पण एक रीत आहे. वारा ज्या बाजूनं आत जातो त्याच्या उलट बाजूनं हवा मारायची. फॅन ओढतोय का ढकलतोय हे मॉडेलवर असतंय, अंदाज नको, इंजिन आयडलला ठेवून एक कागद जाळीच्या बाहेरच्या बाजूला धरा, चिकटला तर ओढतोय, उडाला तर ढकलतोय. आधी कोरडीच हवा, पाणी नंतर. बगॅसवर आधी पाणी मारलं की त्याचा लगदा होतो आणि फिनमधे जाऊन बसतो. फौंड्रीत तर आणखी वाईट, कारण ग्रीन सँडमधे (साच्याच्या ओलसर वाळूत) बेंटोनाइट असतंय, ती चिकणमातीच, पाणी लागलं की फुगते आणि वाळली की सिमेंटसारखी होते. तेलकट असेल तर कोरडी हवा मारून झाल्यावर डीग्रीझर फवारा, पंधरा मिनिटं मुरू द्या, मग साध्या नळीच्या पाण्यानं धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर गन जवळनं आणि तिरका मारला की फिन सगळ्या आडव्या होतात आणि आपणच जाळी बंद करून घरी येतो. वाकलेल्या फिन बारीक स्क्रू ड्रायव्हरनं किंवा फिनच्या कंगव्यानं सरळ करता येतात, एक तास बसून करा, फुकटचं काम आहे. आणि जाळीवर तेल आलंच कुठनं ते पण शोधा, ठिबक थांबवली नाही तर महिन्याभरात परत तेच.

वाऱ्याच्याच कामात तीन-चार गोष्टी पटपट बघून घ्या. फॅनचं पान तुटलंय का, कुणी फॅन उलटा तर बसवला नाही ना (उलटा बसवला तरी वारा येतो, पण कमी). बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबला की साधारण १० ते १३ मिलिमीटर दबला पाहिजे, आणि आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर ताण बरोबर असूनही तो लोडवर घसरतोय, बदला. फॅनभोवतीचा पत्रा, म्हणजे श्राउड, जाग्यावर पाहिजे. जाळीच्या कडेला कंपनीनं फोमच्या पट्ट्या दिलेल्या असतात, जुन्या मशीनच्या त्या कधीच झडून गेलेल्या असतात आणि मग बाहेर टाकलेला गरम वाराच फटीतनं फिरून परत जाळीत येतो. फोमची पट्टी आणून चिकटवली तरी काटा थोडा उतरतो. इंजिनाखालचा पत्रा पण खोला. तिथं बगॅस, डिझेल, तेल मिळून थर बसलेला असतो, तो उष्णता पण अडवतो आणि पेट पण घेतो. सायलेन्सरचा जॉइंट लिक असून गरम धूर जाळीकडं जातोय का, तेही बघा.

वारा झाला, आता पाणी.

रेडिएटर कॅप ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. कॅप दाब धरते म्हणून पाणी उशिरा उकळतं, दर एक पीएसआय (दाब मोजायचं माप) दाबाला उकळबिंदू साधारण दीड अंशानं वाढतो, म्हणजे १३ पीएसआयची कॅप वीसएक अंश वाढवून देते. कोल्हापूर उंचावर असल्यामुळं उघडं साधं पाणी इथं ९८ च्या आसपासच उकळतंय. कॅपचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग मेली की पाणी त्याच ९८ ला उकळून बाहेर पडणार आणि तुम्ही म्हणणार इंजिन गेलं. कॅपवर जो आकडा आहे त्याच आकड्याची नवीन घ्या, जास्त दाबाची लावली तर जुना रेडिएटर आणि होज फुटतील.

आत साधं बोअरचं पाणी घालणं बंद करा. क्षार बसून ट्यूब आतनं बारीक होतात आणि मग बाहेरनं कितीही साफ केलं तरी उपयोग नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. नुसतं कूलंट दाट घालायचं पण नाही, ते पाण्याएवढी उष्णता वाहून नेत नाही. आणि हळद! रेडिएटर ठिबकतोय म्हणून चमचाभर हळद टाकायची पद्धत आपल्याकडं सगळीकडं आहे, ठिबक थांबतंय खरं, पण तीच हळद बारीक ट्यूबमधे पण बसते. रानात अडकलाय, घरी यायचंय तेवढ्यापुरतं ठीक, नंतर काढून धुवा. आतनं चोंदलाय का हे गननं कळतं, गरम मशीन बंद करून जाळीवर सगळीकडं गन फिरवा, वरच्या तोंडापासनं खाली तापमान हळूहळू उतरलं पाहिजे, मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथनं पाणी जात नाही. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडं टाकी सोडवून आत सळी मारून घ्या, नवीनसारखा होतो. ॲल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक सोडा चुकून पण घालू नका, धातूच खातो.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा हा आपल्याकडचा लाडका उपाय. नका करू. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट तोच बंद करतो, तो काढला की गरम पाणी रेडिएटरकडं न जाता शॉर्टकटनं इंजिनातच फिरत राहतं आणि गरम व्हायचं वाढतं. बाकीच्यांत इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त खातं, कार्बन धरतं. तपासायचा असेल तर घरी पातेल्यात दोऱ्याला टांगा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर घाला आणि गॅस लावा. अंगावर आकडा असतो, समजा ८२, तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि उकळी येईपर्यंत चांगला उघडला पाहिजे. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवीन.

खालचा होज बघायला विसरू नका. पंप त्याच्यातनं पाणी ओढतो, होज मऊ पडला असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर थ्रॉटल वाढवला की तो चिपकतो आणि पाणी थांबतं. आयडलला सगळं बरोबर दिसणार, म्हणून कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि तुम्ही लांबनं, फॅनपासनं हात बाजूला ठेवून, होज बघा. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथनं पाण्याचा ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलंय. परत पाणी भरताना मशीन असं उभं करा की भरायचं तोंड सगळ्यात उंच येईल, हळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, दहा मिनिटं चालवून गार झाल्यावर परत पातळी बघा. हवा अडकली तर भरलेल्या रेडिएटरनं पण इंजिन गरम होतं. काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ओतू नका, त्याची चव गोड असते, कुत्री, म्हशी पितात आणि मरतात. कॅनमधे भरून ठेवा.

आता तेल. हा भाग ट्रॅक्टरच्या मिस्त्रीच्या ध्यानात येत नाही, कारण ट्रॅक्टरला हा प्रॉब्लेम एवढा नसतो. मिनिटाला ६० लिटर तेल १७० बार दाबानं रिलीफ वॉल्ववरनं (जास्त झालेला दाब सोडणारा वॉल्व) नुसतं जात राहिलं तर १७ किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे दोन किलोवॅटचे आठ गीझर तेलाच्या टाकीत सोडल्यासारखं. ती उष्णता ऑइल कूलरमधनं बाहेर पडते आणि जिथं वारा कूलरमधनं रेडिएटरकडं जातो तिथं रेडिएटरला मिळणारा वाराच तापलेला असतो. इंजिनाचा काही दोष नसताना काटा चढतो. अटॅचमेंट लावलेली नाही आणि ऑक्झिलरीचा, म्हणजे अटॅचमेंटला तेल देणारा, लिव्हर किंवा स्विच लॉकमधे चालूच राहिलाय, हे मी स्वतः तीन मशीनला बघितलंय, ऑपरेटरला पत्ताच नसतो. दुसरी सवय म्हणजे सिलिंडर शेवटाला टेकला तरी लिव्हर दाबून धरायचा, किंवा ढिगात बकेट घुसत नाही तरी ढकलत राहायचं. तेलाची पातळी, फिल्टर, तेलाचा ग्रेड मॅन्युअलप्रमाणं आहे का बघा. पार्किंग ब्रेक सुटतोय का बघा, काम थांबवल्यावर चारी चाकांच्या हबवर गन मारा, एक जास्त तापलं असेल तर तिथं काहीतरी धरतंय. काँक्रीटवर जागच्या जागी गरागरा फिरवणं पण कमी करा, टायर पण जातात आणि तेल पण तापतं.

एक सांगायचं राहिलं, काही जुन्या मॉडेलला डॉइट्झ कंपनीचं तेलावर गार होणारं इंजिन असतं, त्याला पाणीच नाही. तिथं पाण्याचा सगळा भाग सोडा, इंजिन ऑइलची पातळी आणि कूलर बघा, वाऱ्याचं सगळं तसंच लागू.

एवढं सगळं करून पण गरम होतंय तरच हेडकडं जायचं, आणि तिथं पण खोलायच्या आधी पुरावा बघा. थंड इंजिनाला कॅप काढून चालू करा, रेडिएटरात सतत बुडबुडे येत राहिले, रेस दिली की वाढले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं तेल, सायलेन्सरमधनं पांढरा धूर जो इंजिन तापल्यावर पण थांबत नाही, पाणी कमी होतंय पण बाहेर कुठं ठिबक नाही, ही बाकीची लक्षणं. गॅस तपासायचं निळं लिक्विड येतं, रेडिएटरच्या तोंडावर धरलं की गॅस असेल तर डिझेल इंजिनाला हिरवट-पिवळं होतं, ते करून घ्या. खोललंच तर नुसतं गॅसकीट टाकून बंद करू नका, हेडची पातळी सरळपट्टी ठेवून तपासून घ्या, वाकलेल्या हेडवर नवीन गॅसकीट महिनाभर पण टिकत नाही.

शिरोलीच्या त्या दादाला मी हेच सांगितलं, हेड राहू दे, आधी कूलर उचल. दोन दिवसांनी त्यानं फोटो पाठवला, दोन जाळ्यांच्या मधनं घमेलंभर काळी वाळू निघालेली, वरच्या बाजूला फोमची पट्टी पण नव्हती. साफ करून, पट्टी लावून शेडमधे दोन तास सलग चालवलं, वरचा होज ८९, खालचा ८१. कॅपवरचा आकडा पुसलाय म्हणून ती कितीची आणायची एवढंच आता विचारतोय, त्याला म्हटलं, मॉडेल नंबरचा फोटो पाठव.